मव्हं घड्याळ कुठं गेलं?

“ताई, मव्हं घड्याळ कुठं गेलं?”

वार्षिक अहवालाचं पान दोन्ही हातांत धरून तिनं मला विचारलं, तेव्हा मला प्रश्नच कळला नाही. वाटलं, बैठकीच्या गडबडीत कुणी तिचं घड्याळ उचललं की काय. मी तिच्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळ जागच्या जागी होतं. मग तिनं कागदावरच्या मनगटावर बोट ठेवलं. तिथं घड्याळ नव्हतं. नुसतं मनगट होतं, काळपट, शिरा वर आलेलं.

ती बीड जिल्ह्यातली ऊसतोड कामगार. तिचं नाव, गाव मी सांगणार नाही. कारण पुढं येईलच. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ब्याऐंशी हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यातल्या तेरा हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. मग आमच्या भागात कॅमेऱ्यांची रीघ लागली. आमच्या संस्थेनंही अहवालासाठी एक छायाचित्रकार बोलावला. माणूस चांगला होता. कोपीत वाकून शिरायचा, चहा प्यायचा, विचारून फोटो काढायचा. हिचा फोटो त्यानं कोपीच्या दारात काढला.

त्या दिवशी तिनं मुद्दाम घड्याळ घातलं होतं. बचत गटाची सचिव झाल्यावर स्वतःच्या पैशांनी घेतलेलं. फडावर वेळ मुकादमाची असते. रात्री तीनला गाडी भरायला उठवलं की उठायचं. किती तास झाले हे विचारायची सोय नाही. “मुकादम सांगंल तीच वेळ, असं किती दिस चालायचं?” असं म्हणून तिनं ते घेतलं होतं. आणि फोटोतून नेमकं तेच पुसलं गेलं होतं. मागची निळी प्लास्टिकची खुर्ची गेली होती. शेजारच्या घरावरची छत्री गेली होती. रंग उतरवून सगळं मातकट केलं होतं. उरली एक थकलेली, काळवंडलेली, काळाच्या बाहेर बसलेली बाई.

हे सगळं मला छपाईच्या आधी माहीत होतं, हे मी कबूल करते. मी छायाचित्रकाराला विचारलं होतं. तो म्हणाला, “मॅडम, घड्याळाकडे लक्ष जातं. चेहऱ्यावरचं दुःख मारलं जातं.” छपाईची घाई होती. आणि खरं सांगायचं तर फोटो परिणामकारक वाटला होता. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात मी ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ आणि ‘स्वयंनिर्णय’ यांवर पानंच्या पानं लिहिली आहेत, चांगले गुण मिळवले आहेत. तरी मी “चालेल” म्हटलं. तिला दाखवायचं माझ्या मनातही आलं नाही.

म्हणून हा लेख दुसऱ्या कुणावर तोंडसुख घेण्यासाठी नाही. सुरुवात माझ्यापासूनच आहे.

यंदा एका कार्यशाळेत हाच विषय निघाला: फोटो काढून झाल्यावर त्यात फेरफार करावेत की नाही? बोलायला दोन छायाचित्रकार होते. एक पन्नाशी ओलांडलेले, वर्तमानपत्रात उमेद घालवलेले. त्यांचं म्हणणं, “बटण दाबलं की फोटो संपला. त्यानंतर त्याला हात लावणं म्हणजे वाचकाशी बेइमानी.” दुसरा तिशीतला, लग्नांचे, जाहिरातींचे आणि मधूनमधून संस्थांचे फोटो काढणारा. त्याचं म्हणणं, “बटण दाबल्यावर फोटो सुरू होतो. चित्रकाराला कुणी विचारतं का, हा रंग का दिलास म्हणून?” दोन तास जोरदार चर्चा झाली. सत्य, कला, स्वातंत्र्य, नीती, सगळे शब्द येऊन गेले. पडद्यावर पूर्ण वेळ एका बाईचा फोटो लावलेला होता. ती कोण, तिला काय वाटलं असेल, हा प्रश्न त्या दोन तासांत एकदाही आला नाही.

मैत्रिणींनो, माझं म्हणणं असं की हे भांडण दोघांनी मिळून चुकीच्या जागी नेऊन ठेवलं आहे. एक म्हणतो फोटो वाचकाचा, दुसरा म्हणतो फोटो माझा. फोटोतली बाई दोघांच्याही हिशेबात नाही.

आधी ‘फोटोला हात लावू नये’ म्हणणाऱ्यांचं पाहू. त्यांचा प्रामाणिकपणा मला मान्य आहे. पण हात न लावलेला फोटो म्हणजे सत्य, हे मला मान्य नाही. निगेटिव्हच्या जमान्यातही फोटो ‘तयार’च व्हायचा. १८५७ साली रेजलँडर नावाच्या छायाचित्रकारानं तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच मोठं चित्र केलं होतं. डार्करूममध्ये हाताची सावली धरून एखादा भाग उजळ ठेवायचा, एखादा गडद करायचा, हे तर रोजचंच काम. आणि आपल्याकडचे दाखवायचे फोटो आठवा. मुलगी सावळी असली की स्टुडिओवाला न सांगता ‘टचिंग’ करून द्यायचा. निगेटिव्हवर पेन्सिल फिरायची आणि मुलीच्या गालावरचा वण जायचा, सोबत तिचा रंगही. कित्येक जणींना सासरी पहिलं वाक्य ऐकावं लागलं ते हेच: “फोटोत तर गोरी दिसत होती.”

इतकंच काय, यंत्रसुद्धा निष्पक्ष नव्हतं. रंगीत फोटोंचे रंग बरोबर आलेत का हे तपासायला कोडॅक कंपनीच्या फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांतून अनेक वर्षं एका गोऱ्या बाईचं छायाचित्र वापरलं जायचं. ‘शर्ली कार्ड’ म्हणत त्याला. तिची कातडी नीट दिसली की रंग बरोबर. आपल्यासारख्या काळ्यासावळ्या बायकांचे चेहरे त्या मापात बसत नव्हते. आजचे मोबाईल न विचारता गाल गुळगुळीत करतात, रंग उजळवतात. तेव्हा ‘मी काहीच बदललं नाही’ म्हणणाऱ्यानं आधी पाहावं की त्याच्या हातातल्या यंत्रानं काय काय बदललं आहे.

आणि सगळ्यात मोठा फेरफार तर बटण दाबण्याच्या आधीच होतो. बाई हसत असताना थांबायचं आणि डोळ्यांत पाणी आलं की टिपायचं. स्वतः उभं राहून खाली बसलेल्या बाईवर कॅमेरा रोखायचा. चौकटीत काय घ्यायचं, काय बाहेर ठेवायचं ते ठरवायचं. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा मोर्चा चालत आला. सुमारे एकशे ऐंशी किलोमीटर. त्यात आदिवासी बायका मोठ्या संख्येनं होत्या. रक्ताळलेल्या, सोललेल्या तळव्यांचे फोटो घरोघरी पोहोचले आणि मुंबई हळहळली. हळहळ खोटी नव्हती, फोटोही खोटे नव्हते. पण तळव्यांच्या वर एक बाई होती आणि तिला तोंड होतं. ती २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार कसत असलेल्या जमिनीचा पट्टा मागत होती. तळव्यांपुरता कापलेला फोटो पाहून लोकांनी चपला वाटल्या. पट्ट्याबद्दल किती जणांनी विचारलं? हा फोटो संगणकावर कुणी बदलला नव्हता. तरी त्यातून बाईची मागणी गळलीच.

आता दुसऱ्या बाजूकडे येते. ‘फोटो माझा, मी काहीही करीन’ म्हणणाऱ्यांकडे.

१९९४ च्या जूनमध्ये अमेरिकेत ओ. जे. सिम्पसन या काळ्या खेळाडूला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. पोलिसांनी काढलेला एकच फोटो ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी मुखपृष्ठावर छापला. ‘न्यूजवीक’नं होता तसा छापला. ‘टाइम’नं चेहरा आणखी काळा केला. दोन्ही अंक शेजारी शेजारी ठेवले तेव्हा लोकांना दिसलं की काळं करणं म्हणजे गुन्हेगार करणं. आपल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. आपल्याकडे काळं करणं म्हणजे गरीब करणं, अडाणी करणं, ‘खालचं’ करणं. माझ्या अहवालातल्या बाईचा रंग दोन छटा गडद झाला तो कलेसाठी नाही, देणगीदारासाठी.

२०१६ मध्ये स्टीव्ह मॅकरी या जगप्रसिद्ध छायाचित्रकाराच्या आशिया खंडातल्या फोटोंमध्ये माणसं आणि वस्तू पुसल्याचं उघड झालं. चित्र नीटनेटकं दिसावं म्हणून जिती माणसं काढून टाकली होती. त्यानं सांगितलं, मी बातमीदार नाही, चित्रांतून गोष्ट सांगणारा आहे. गोष्ट सांगायला हरकत नाही. पण ज्याच्या दारात जाऊन फोटो काढला त्याला ‘तू माझ्या गोष्टीत बसत नाहीस’ म्हणून पुसायचा अधिकार कुणी दिला?

२०१७ सालचं प्रकरण तर आपल्याच घरातलं. कोलकात्याच्या सोनागाचीत एका तरुण छायाचित्रकारानं वेश्याव्यवसायातल्या बायकांची मालिका केली होती. त्यातल्या एका फोटोत मागं दिसणारी व्यक्ती मुळात तिथं नव्हतीच. ती उचलली होती मेरी एलन मार्कच्या फोटोतून, म्हणजे आपल्या मुंबईच्या फॉकलंड रोडवर १९७८ च्या सुमारास काढलेल्या फोटोतून. मुंबईतलं एक माणूस काही दशकांनी कोलकात्याच्या खोलीत नेऊन चिकटवलं. त्यानं ते कबूलही केलं. याला सगळ्यांनी एका आवाजात चोरी म्हटलं आणि ते योग्यच. पण त्याच मालिकेतला आणखी एक फोटो त्याच सुमारास एका छायाचित्र स्पर्धेच्या जाहिरातीत वापरला गेला होता. त्यात अल्पवयीन असल्याचं सांगितलेली मुलगी गिऱ्हाइकाखाली होती आणि तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता. त्यावरही लोक संतापले, पण तिथं मात्र बाजूनं बोलणारेही निघाले: जगाला वास्तव कळायला नको का? पाहा गंमत. चिकटवलेल्या फोटोला ‘फसवणूक’ हा शब्द लगेच सापडला. आणि जिथं फोटोत फेरफार करायलाच हवा होता, चेहरा झाकायलाच हवा होता, तिथं ‘जसं आहे तसं’ हे तत्त्व पुढं आलं.

इथं मला मुद्दा सापडतो. फेरफार करावा की करू नये, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या फेरफारानं कुणाचं काय जातं, आणि ते ठरवलं कुणी, हे विचारायला हवं.

वर्ल्ड प्रेस फोटो या मोठ्या स्पर्धेत २०१५ साली शेवटून दुसऱ्या फेरीत आलेल्या फोटोंपैकी वीस टक्के बाद झाले. मूळ फाइली मागवून ताडून पाहिल्या होत्या. फोटोत काही घालायचं नाही, त्यातून काही काढायचं नाही, असा नियम. नियम चांगला आहे, मला हवा आहे. पण तो राखतो वाचकाचा विश्वास आणि स्पर्धेची अब्रू. फोटोतल्या बाईचं काय, हे त्या नियमाला विचारता येत नाही.

आणि बाईचं काय होतं, हे इतिहासात स्वच्छ दिसतं. १९३६ साली डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. जगातल्या सर्वांत गाजलेल्या फोटोंपैकी तो एक. त्याच्या कोपऱ्यात आलेला एक अंगठा पुढं निगेटिव्हवरून पुसण्यात आला. त्या अंगठ्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. पण लँग यांनीच पुढं लिहिलं की आपण त्या बाईला तिचं नाव विचारलं नव्हतं. १९७८ मध्ये फ्लॉरेन्स थॉम्पसन स्वतः पुढं आल्या आणि म्हणाल्या की हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं. त्यातून त्यांना एक पैसाही मिळाला नव्हता. मॅकरीनं १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत टिपलेल्या हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचं नावही जगाला कळलं ते २००२ मध्ये. सतरा वर्षं तिचा चेहरा विकला गेला, नावाशिवाय. नाव न विचारणं हा फेरफार नाही तर काय आहे? कॅमेऱ्यामागच्या बाईचंही तसंच. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो छापले गेले ते त्यांच्या नवऱ्याच्या नावानं.

आमच्या ऊसतोडीच्या हिशेबात ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल त्या जोडीवर दिली जाते आणि बहुधा पुरुषाच्या हातात पडते. म्हणजे मुकादमाच्या वहीतून बाई आधीच पुसलेली आहे. आम्ही तिचं घड्याळ पुसलं. वहीत राहिलेलं काम आम्ही पूर्ण केलं, एवढंच.

आता कुणी म्हणेल, घड्याळासारख्या वस्तूवरून एवढं कशाला? तर ऐका. २८ मे २०२३ ला दिल्लीत महिला कुस्तीगीरांना पोलिसांनी उचललं. लैंगिक छळाविरुद्ध त्या जंतरमंतरवर बसल्या होत्या. पोलिसांच्या गाडीत काढलेल्या फोटोत विनेश आणि संगीता फोगाट यांचे चेहरे गंभीर आहेत. काही तासांत त्याच फोटोची दुसरी प्रत देशभर फिरली, तिच्यात दोघी हसत होत्या. ओठांचे कोपरे वर ओढले, गालांवर खळ्या चढवल्या. वस्तूसुद्धा नाही, नुसतं हसू. पण त्या हसूनं सांगितलं की ह्या बायका नाटक करताहेत. बलात्काराच्या खटल्यात ‘तिनं ओरडा का केला नाही’ विचारणारी व्यवस्था आणि हा फोटो बनवणारा हात, दोन्ही एकाच घरातले आहेत.

माझ्या रोजच्या कामातला एक अनुभव सांगते. मारहाण झालेली एक बाई आमच्याकडे आली. मांडीवर, दंडावर वळ होते. सावळ्या कातडीवर वळ फोटोत नीट उमटत नाहीत. फ्लॅश मारला तर चकाकी येते आणि उरलंसुरलंही जातं. आमच्या एका नव्या कार्यकर्तीनं कळकळीनं फोटोतला निळेपणा थोडा वाढवला. वाढवला म्हणजे डोळ्यांना दिसत होता तितकाच केला, खोटं काही घातलं नाही. पण मूळ फोटो तिनं ठेवला नव्हता. कोर्टात समोरच्या वकिलानं तो निळा रंगच धरला. बाईला तासभर उभं करून विचारलं, हे संगणकावर कुणी रंगवलं? नवऱ्यानं काय केलं, हा प्रश्न बाजूला पडला. डॉक्टरचा दाखला होता म्हणून निभावलं. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, “ताई, मार खरा होता ना वो?” तिला स्वतःलाच शंका वाटावी अशी वेळ आम्ही आणली होती.

तेव्हापासून आमच्याकडे शिरस्ता झाला आहे. जखमेचे फोटो दिवसाच्या उजेडात, तिरप्या प्रकाशात, शेजारी मोजपट्टी ठेवून, लांबून आणि जवळून घ्यायचे. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवायची. व्हॉट्सॲपवरून पाठवून भागवायचं नाही, कारण त्यात फोटो दाबला जातो आणि सोबतची माहिती गळते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. संगणकीय पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात त्या फाइलची बोटाच्या ठशासारखी सांकेतिक खूणही द्यावी लागते. फाइलीला जरा हात लागला की ती खूण बदलते. वळ दिसावेत म्हणून उजळलेली प्रत करायचीच असेल तर वेगळी करा आणि तिच्यावर तसं लिहा. पुराव्याच्या फोटोला हात लावायचा नाही, या बाबतीत मी त्या पन्नाशीच्या छायाचित्रकाराच्या पूर्ण बाजूनं आहे.

पण ओळख लपवण्याच्या बाबतीत मी तितक्याच ठामपणे त्यांच्या विरुद्ध आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंडविधानाचं कलम २२८-अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. मुलांसाठी २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम २३ आहे. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निपुण सक्सेना खटल्यात सांगितलं की जिच्यावरून दुरूनही ओळख पटेल अशी कोणतीही गोष्ट छापू नये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कठुआच्या मुलीचं नाव आणि फोटो छापल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयानं माध्यमसंस्थांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरायला लावले होते. तरी काय चालतं? डोळ्यांवर एक काळी पट्टी ओढली की झालं. पट्टीखाली नथ तशीच, हनुवटीवरचं गोंदण तसंच, मागं शाळेची पाटी तशीच. गावातलं शेंबडं पोरही सांगेल ही कुणाची कोण. नुसता चेहरा धूसर करूनही भागत नाही. मुलांचं शोषण करणाऱ्या एका माणसाचा भोवऱ्यासारखा फिरवलेला चेहरा उलटा फिरवून सरळ करण्यात आला आणि २००७ मध्ये तो पकडला गेला. त्याला पकडलं ते छानच झालं. पण जे त्याच्या चेहऱ्याचं होऊ शकतं ते आपल्या बाईच्या चेहऱ्याचंही होऊ शकतं. झाकायचं तर पुरतं झाका. त्याहून बरं, हातांचा, पाठीचा, सावलीचा फोटो आधीच ठरवून काढा.

काही मैत्रिणी म्हणतील, “तुझं सगळं खरं, पण केविलवाण्या फोटोंवरच मदत मिळते. देणगीदार घड्याळवाल्या बाईला पैसे देत नाहीत.” हा युक्तिवाद मी स्वतः केलेला आहे, म्हणून त्याची ताकद मला ठाऊक आहे. पण त्याचा अर्थ काय होतो पाहा. बाईनं हक्काची बाई होण्यासाठी आपल्याकडे यायचं आणि आपण तिला पुन्हा बिचारी करून विकायचं. देणगीदाराला घड्याळ खटकत असेल तर तिथं देणगीदाराचं शिक्षण करायला हवं, फोटोचं नव्हे. नाही तर हुंडा देऊन मुलगी उजवणाऱ्या बापात आणि आपल्यात फरक तो काय? दोघंही म्हणतो, रीतच तशी आहे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. बाईनं स्वतःच फेरफार मागितला तर? आमच्या शिबिरात मुली म्हणतात, “ताई, जरा उजळ करा ना मला.” मी पूर्वी त्यांना भाषण द्यायची. आता देत नाही. तिनं स्वतःसाठी, मैत्रिणींसाठी काढलेला फोटो तिचा आहे. तिनं त्यात चंद्र लावावा की चांदण्या, तो तिचा प्रश्न. भांडायचं आहे ते तिच्याशी नाही, तिला ‘उजळ’ शिकवणाऱ्या बाजाराशी. सावळ्या मुलीला हीन, दुःखी, लग्नाला नालायक दाखवू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन परिषदेनं २०१४ सालीच काढली. २०२० मध्ये एका प्रसिद्ध क्रीमनं नावातला ‘फेअर’ शब्दही काढला. डबीवरचं नाव बदललं, पण जाहिरातीतल्या गालांवर अजून टचिंग होतंच. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलचा बांधा बारीक किंवा जाड केलेल्या जाहिरातीवर ‘फोटोत फेरफार केला आहे’ असं छापावं लागतं. नॉर्वेनं २०२१ मध्ये तसाच कायदा केला. आपल्याकडे १९८६ चा स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा आहे, पण तो उघड्या अंगाकडे पाहतो. खोट्या अंगाकडे पाहत नाही. ही मागणी आपण लावून धरायला हवी.

तोवर निदान आपल्या घरात, म्हणजे आपल्या संस्था, आपले अहवाल, आपली पत्रकं, आपली प्रदर्शनं यांत, काही गोष्टी आजपासून करता येतील. माझ्या मते त्या अशा. जे घडलं, जे होतं, त्यात काही घालायचं नाही आणि त्यातून काही काढायचं नाही. बाईचा रंग तर नाहीच नाही. उजेड-अंधार दुरुस्त करायचा तो डोळ्यांना दिसलं तितकाच. ओळख लपवायची असेल तर पुरती लपवायची आणि खाली तसं लिहायचं. बाईचं नाव तिला विचारायचं. छापायचं की नाही हे तिनं सांगायचं. फोटो निघाला तेव्हाची ‘हो’ पुरेशी नाही, छपाईला जाण्याआधी तयार पान तिच्या हातात द्यायचं आणि नुसतं “बरं आहे ना?” न विचारता “यात काय चुकलंय?” असं विचारायचं. तिनं ‘नको’ म्हटलं तर पान रिकामं गेलं तरी चालेल. आणि छापलेल्या फोटोची एक प्रत तिला घरपोच.

यातलं शेवटचं सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात कमी होतं. आपल्यापैकी किती जणींनी आजवर काढलेल्या फोटोंची एक तरी प्रत त्या बाईला नेऊन दिली आहे? मनात मोजा.

त्या दिवशी तिच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. “छपाईत काहीतरी झालं असेल” असं खोटं बोलले. तिनं माझ्याकडे पाहिलं, पान घडी घालून परत दिलं. ठेवून घेतलं नाही. पुढच्या बैठकीत मी गटासमोर खरं काय ते सांगितलं. माफी मागितली. बायका थोडा वेळ गप्प बसल्या. मग तीच म्हणाली, “पुसायच्या आधी इचारायचं व्हतं. म्या म्हनले असते, घड्याळ ऱ्हाऊ द्या, मुकादम पुसा.”

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मला अजून ते वाक्य सोडत नाही. दोन तासांच्या कार्यशाळेत जे कुणाला म्हणता आलं नाही, ते तिनं एका दमात म्हटलं होतं. कुणाला पुसायचं आणि कुणाला ठेवायचं, याची समज तिला आमच्यापेक्षा चांगली आहे. तिला विचारलं नव्हतं, एवढंच.

उरलेल्या प्रतींमध्ये आम्ही तिच्या संमतीनं मूळ फोटो चिकटवला. घड्याळासकट, निळ्या खुर्चीसकट. वाटून झालेल्या प्रती परत आणता आल्या नाहीत. त्या कुठं कुठं आहेत कुणास ठाऊक, आणि त्यांत ती अजून घड्याळाशिवाय बसलेली आहे.

तुमच्या कपाटातले जुने अहवाल एकदा काढून पाहा, मैत्रिणींनो. कुणाकुणाचं काय काय पुसलं गेलं आहे ते पाहा. आणि कळवा.